अडकलेली खीळ आणि वाढता वारा: जुन्या शिडाच्या नौकेवरील ट्रॅव्हलर बदलताना

फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपार कलली की मांडवीच्या मुखाशी, आग्वाद आणि काबो यांच्यामधल्या पाण्यावर, समुद्राकडून येणारा वारा हळूहळू जोर धरतो. सकाळी आरशासारखे पडून असलेले पाणी तीनच्या सुमारास पांढरे होऊ लागते. अशाच एका दुपारी एका जुन्या, सत्तावीस फुटी नौकेवर प्रस्तुत लेखकाला सुकाणूपाशी बसण्याचा योग आला होता. झोत आला, नौका एका कुशीवर कलली, सुकाणूचा दांडा हातातून निसटू पाहू लागला. नौकामालक शांतपणे म्हणाले, "ट्रॅव्हलर खाली सोडा." सोडायचे म्हणजे धातूच्या पट्टीवर बसलेल्या एका गाड्याची खीळ बोटांनी वर उचलायची आणि गाडा सरकू द्यायचा. खीळ उचलली गेली नाही. तळहाताने ठोकून पाहिले, तरी नाही. शेवटी शिडाचा मुख्य दोरच सैल सोडावा लागला; शीड फडफडले, वेग गेला, आणि उथळ वाळूच्या पट्ट्याच्या अंगाला नौका काही क्षण नुसती वाहत राहिली. अपघात झाला नाही. मात्र ज्या क्षणासाठी ते उपकरण बसवले होते, नेमक्या त्याच क्षणी ते चालले नाही, ही गोष्ट मनात राहिली.

गोमंतकाच्या वाचकाला शिडाच्या नौका अपरिचित नाहीत. 'म्हादेई' आणि 'तारिणी' या नौदलाच्या दोन्ही नौका दिवाडीच्या गोदीत बांधल्या गेल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्या ५६ फुटी नौकांवरील यंत्रणा मोठी आणि महागडी असते. आजचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे: पंचवीस ते तीस फुटांची, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली, हौसेने जपलेली प्रवासी नौका आणि तिच्यावरचा ट्रॅव्हलर. हे उपकरण बदलावे का, बदलायचे तर काय पाहावे, आणि पैसा नेमका कोठे खर्च व्हावा, याचा हा विचार.

ट्रॅव्हलरला जुना मराठी शब्द नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या पडाव-मचव्यांचे शीड परबाणाला वरून टांगलेले असे. त्याच्या खालच्या कडेला आडवा दांडा नसे. आधुनिक नौकेचे मुख्य शीड त्रिकोणी असते, त्याची उभी कड डोलकाठीला आणि खालची कड 'बूम' नावाच्या आडव्या दांड्याला धरलेली असते. बूमला आत-बाहेर करणारा दोर तो मेनशीट. हा दोर कप्प्यांमधून फिरून खाली नौकेच्या छतावर किंवा मागच्या भागात एका गाड्याला जोडतात. गाडा ज्या आडव्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे सरकतो ती पट्टी आणि गाडा मिळून ट्रॅव्हलर होतो.

मग मेनशीट असताना याची गरज काय, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर मेनशीटच्या स्वभावात आहे. हा एकच दोर दोन कामे करतो: बूमला आत ओढतो आणि खालीही ओढतो. खाली ओढल्याने शिडाची मागची कड ताणलेली राहते. ती ताणलेली असेल तर शिडाचा वरचा आणि खालचा भाग साधारण एकाच कोनात वाऱ्याला सामोरा जातो. दोर सैल केला की बूम बाहेर जाते, पण त्याचबरोबर वरही उचलली जाते. मागची कड ढिली पडते, शिडाचा माथा पिळवटून बाहेर वळतो आणि पोट फुगते. झोत आला असता नेमके हेच नको असते. फुगलेले शीड नौकेला पुढे नेण्यापेक्षा आडवे ढकलते अधिक.

ट्रॅव्हलर ही दोन कामे वेगळी करतो. मेनशीटचा ताण तसाच ठेवून गाडा वाऱ्यापलीकडच्या बाजूला सोडला, तर शिडाचा आकार न बिघडता ते संपूर्ण शीड काही अंशांनी बाहेर जाते. नौका सरळ होते, सुकाणूवरचा जोर उतरतो, वेग टिकतो. याउलट मंद वाऱ्यात गाडा वाऱ्याकडील बाजूस ओढून मेनशीट थोडा सैल ठेवला, तर बूम मध्यरेषेवर राहूनही शिडाचा माथा मोकळा राहतो. दोरी एक पण लगाम दोन, अशी ही व्यवस्था आहे.

सुकाणूवरचा जोर हा नुसता दमणुकीचा विषय नाही. जास्त कललेली नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवू पाहते. तिला सरळ ठेवण्यासाठी सुकाणू तिरपे धरावे लागते आणि पाण्यात तिरपे धरलेले सुकाणू ब्रेकसारखे काम करते. कोन वाढत गेला की एका क्षणी सुकाणूची पाण्यावरची पकड सुटते आणि नौका स्वतःच्या मर्जीने गर्रकन वळते. मोकळ्या समुद्रात याने फारसे बिघडत नाही. नदीच्या मुखाशी, ट्रॉलर आणि बार्ज यांच्या वाटेत, त्याचा अर्थ वेगळा होतो.

भार किती, याचा हिशेब

आता त्या अडकलेल्या खिळीकडे परत येऊ. १९७० च्या दशकात अमेरिकेत घाऊक प्रमाणात बांधल्या गेलेल्या फायबरग्लास नौकांवर अशी खिळीची रचना सर्रास असे. कॅलिफोर्नियातील कॅटालिना कंपनीची तीस फुटी नौका हे तिचे चांगले उदाहरण. फ्रँक बटलर यांच्या या कंपनीने त्या नौकेच्या सहा हजारांहून अधिक प्रती बांधल्या आणि त्यातील पुष्कळ आजही पाण्यावर आहेत. तिच्या जुन्या प्रतींवर ट्रॅव्हलरची पट्टी केबिनच्या छतावर आहे, आणि पट्टीतल्या छिद्रांत बसणाऱ्या खिळींनी गाड्याची जागा ठरते. बंदरात उभे राहून पाहिले तर रचना सुबक वाटते. खीळ उचला, गाडा सरकवा, खीळ सोडा.

भर वाऱ्यात मात्र काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मेनशीटवरचा भार काढण्याचे एक सूत्र नौकासामग्रीचे उत्पादक वापरतात. त्याच्या तपशिलात न जाता त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, भार वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की भार चौपट. दुसरी, दोर बूमच्या टोकाला न बांधता मधे बांधला असेल तर तो डोलकाठीच्या जितका जवळ तितका भार अधिक. दाराची कडी बिजागरीच्या जवळ बसवली तर दार ओढायला किती जड जाईल, तसेच हे.

शिडाची उंची साडेदहा मीटर आणि बूमवरची लांबी साडेतीन मीटर, असे तीस फुटी नौकेला शोभेल असे माप घेऊ. नौकेवर जाणवणारा वारा २० नॉट धरला, तर दोर बूमच्या टोकाला असताना मेनशीटवर सुमारे २९० किलो भार येतो. तोच दोर टोकापासून दीड मीटर आत, म्हणजे केबिनच्या छताच्या वर आणला, की भार ५१० किलोंच्या पुढे जातो. वारा २५ नॉट झाला की हाच आकडा ८०० किलोंवर पोहोचतो. गाडा आडवा सरकवण्यासाठी लागणारे बळ साधारणपणे मेनशीटच्या भाराच्या पाचव्या हिश्श्याइतके धरतात. म्हणजे २० नॉट वाऱ्यात सुमारे १०० किलो.

यात घर्षण अद्याप धरलेले नाही. जुना गाडा पट्टीवर घासत सरकतो. त्याला चाके किंवा गोळ्या नसतात. मीठ, गंज आणि वर्षानुवर्षांची धूळ बसलेल्या पट्टीवर घर्षण भाराच्या पाचव्या हिश्श्याइतके झाले, तर वर ओढणाऱ्या ५०० किलोंवर तेही १०० किलो होते. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गाडा वाऱ्याकडे ओढायचा तर १०० अधिक १००, असे दोनशे किलो बळ लागेल. आणि वाऱ्यापलीकडे सोडायचा तर? शीड त्याला १०० किलोंनी बाहेर ओढते आहे, घर्षण १०० किलोंनी अडवते आहे. बेरीज शून्य. गाडा सोडला तरी जागेवरच राहतो. त्यात खीळ त्या आडव्या भाराने छिद्राच्या कडेला दाबलेली, म्हणून ती वरही उचलली जात नाही. मांडवीच्या मुखाशी त्या दुपारी झाले ते हेच. यात कोणाच्या हाताचा दोष नव्हता.

गोळ्यांवर चालणारा गाडा हे गणित मुळापासून बदलतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पीटर हार्केन यांनी नौकांच्या कप्प्यांत पोलादाऐवजी प्लॅस्टिकच्या गोळ्या वापरून पाहिल्या. त्या हलक्या, न गंजणाऱ्या आणि वंगण न मागणाऱ्या ठरल्या. पुढे ट्रॅव्हलरचे गाडेही तशाच गोळ्यांवर धावू लागले. घासण्याच्या जागी घरंगळणे आले की घर्षण जवळजवळ नाहीसे होते. मग वाऱ्याकडे ओढायला शंभरच्या थोडे वर बळ पुरते. चौपट लाभ देणारी कप्प्यांची जोडणी असेल तर हाताला पंचवीस-तीस किलो. हे एका प्रौढ माणसाला बसल्या जागेवरून ओढता येते. आणि सोडताना क्लीटमधून दोर मोकळा केला की गाडा आपणहून जातो. ट्रॅव्हलर बदलण्यातला खरा लाभ हा आहे.

आधी बादलीभर पाणी

तरीही नवा संच मागवण्यापूर्वी एक रविवार जुन्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टी गोड्या पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ धुवावी. गाडा काढून आतला झिजलेला प्लॅस्टिकचा भाग पाहावा. खिळी सोडून द्याव्यात आणि गाड्याच्या दोन्ही बाजूंना दोर व कप्प्या बांधून तो दुरून ओढण्याची सोय करावी. पट्टी सरळ आणि छत भक्कम असेल, नौका लहान असेल, दोर बूमच्या टोकाला असेल, तर एवढ्याने पुष्कळदा भागते. कॅटालिनाच्याच सत्तावीस फुटी नौकेवर ट्रॅव्हलर अगदी मागच्या टोकाला आहे. तिथला भार मुळातच कमी असल्याने अशा डागडुजीचा उपयोग तिथे अधिक होतो.

काही अनुभवी खलाशी म्हणतील की प्रवासी नौकेला ट्रॅव्हलर हवाच कशाला. आजकालच्या अनेक नव्या नौकांवर तो नसतोही. बूमला खाली धरणारा 'व्हँग' पुरेसा मानला जातो. वारा मागून किंवा बाजूने असेल तेव्हा हे खरेच आहे. पण वाऱ्याच्या समोर चढत जायचे, आणि तेही जुन्या, अरुंद, लवकर कलणाऱ्या नौकेतून, तर ट्रॅव्हलरला पर्याय नाही. गोव्याहून उत्तरेकडे मालवण-रत्नागिरीला जाणाऱ्याला वसंतातला वायव्येचा वारा समोरूनच भेटतो.

नवा संच घ्यायचाच ठरला तर आकाराची निवड नौकेच्या लांबीवरून करू नये, भारावरून करावी. हार्केनच्या मालिकेत २२ मिलिमीटर रुंदीची पट्टी लहान नौकांसाठी आणि २७ मिलिमीटरची मध्यम नौकांसाठी असते. सत्तावीस फुटी नौकेला लहान पट्टी पुरेल असे लांबीवरून वाटते. पण दोर बूमच्या मधे असेल तर भार दीड-पावणेदोन पट होतो आणि मोठी पट्टी घ्यावी लागते. अमेरिकेतील गारहॉर ही कंपनी कॅटालिनासारख्या जुन्या नौकांसाठी जुळवलेले संच विकते. ते कमी झुळझुळीत पण दणकट असतात. युरोपात लुमार आणि इतर काही कंपन्यांचा माल मिळतो. या वस्तू परदेशातून मागवाव्या लागत असल्याने भाडे आणि सीमाशुल्क मिळून किंमत बरीच चढते, आणि चुकीचे माप आले तर परत पाठवणे परवडत नाही. म्हणून पट्टीवरच्या छिद्रांमधले अंतर मागवण्याआधी मोजावे. बऱ्याच आधुनिक पट्ट्यांवर ते १०० मिलिमीटर असते. जुन्या पट्टीवर दुसरे काही असेल तर छतावर नवी छिद्रे पाडणे आणि जुनी बुजवणे आले.

मोह होतो तो दोराची जागाच बदलण्याचा. मागचा ट्रॅव्हलर पायात येतो, म्हणून तो छतावर आणावा असे अनेकांना वाटते. असे करताना बूमचा विचार सुटतो. टोकाला ओढण्यासाठी बनवलेली बूम मधोमध ओढली तर ती वाकते, क्वचित मोडतेही. बदल करायचाच तर भार बूमवर दोन-तीन ठिकाणी विभागून घ्यावा आणि बूमची जाडी जाणकाराकडून तपासून घ्यावी. माझ्या मते, टोकाला असलेला दोर तिथेच राहू द्यावा हे उत्तम.

छताच्या पोटात काय आहे

आता कामाचा तो भाग, ज्याच्याकडे जाहिरातीतील चकचकीत गाडा पाहणाऱ्याचे लक्ष जात नाही. पट्टी ५०० ते ८०० किलोंच्या बळाने छतापासून वर उपटली जात असते. हा भार सगळ्या बोल्टांवर सारखा वाटला जात नाही. गाडा जिथे उभा असेल तिथल्या दोन-तीन बोल्टांवर तो मुख्यतः येतो. त्यामुळे ट्रॅव्हलर तितकाच भक्कम जितके त्याच्याखालचे छत.

जुन्या फायबरग्लास नौकेचे छत एकसंध नसते. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांच्या मधे प्लायवुड किंवा बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड भरलेले असते. वजन न वाढवता ताठपणा देणारी ही युक्ती उत्तम आहे, जोवर आत पाणी शिरत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात छिद्र पाडताना ते लाकूड बहुधा उघडेच राहिले. बोल्टाभोवतीचे सीलंट कालांतराने सुकले, तडकले. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात नौका बहुधा उघड्यावरच ठेवलेली असते. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. लाकूड कुजते, आणि वरून छत अगदी ठीक दिसत राहते.

तपासणी सोपी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने पट्टीच्या दोन्ही बाजूंना ठोकत जावे. भक्कम जागी आवाज टणक आणि स्वच्छ येतो. कुजलेल्या जागी तो बद्द होतो. जुने बोल्ट काढल्यावर छिद्रातून तपकिरी पाणी किंवा ओला भुसा आला तर शंका उरत नाही. बोल्टांचीही पारख तेव्हाच करावी. स्टेनलेस स्टीलला हवा मिळाली तर ते टिकते. ओल्या लाकडात कोंडलेल्या बोल्टाला मात्र आतल्या आत खड्डे पडत जातात. डोके लखलखीत आणि दांडा निम्म्यावर आलेला, असे बोल्ट निघतात. ते पुन्हा वापरू नयेत. नवे घेताना खाऱ्या पाण्यासाठीचे ३१६ प्रतीचे घ्यावेत.

लाकूड कोरडे असेल तरी प्रत्येक छिद्रावर एक उपचार करावाच. छिद्र हव्या त्या मापापेक्षा मोठे पाडावे, शक्यतो वरचा थर आणि आतले लाकूड एवढेच. कडेचे लाकूड आणखी थोडे कोरून काढावे. खालून चिकटपट्टी लावून ती पोकळी घट्टसर केलेल्या इपॉक्सीने भरावी. इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचे छिद्र पाडावे. म्हणजे बोल्ट लाकडातून न जाता इपॉक्सीच्या भरीव नळीतून जातो. पुढे कधी सीलंट फुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही, आणि नट आवळताना छत चेपले जात नाही. हे काम कंटाळवाणे आहे. बारा बोल्ट असतील तर बारा वेळा करायचे आहे. पावसाळी दमट हवेत इपॉक्सी नीट बसत नाही, म्हणून ते दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत हाती घ्यावे. लाकूड मोठ्या पट्ट्यात कुजले असेल तर मात्र हा घरगुती उपाय पुरत नाही. थर कापून, आतले सडके काढून, नवे भरावे लागते. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कुशल कारागीर आपल्या किनाऱ्यावर आहेत. त्यांना ट्रॅव्हलर ठाऊक नसेल, पण फायबर उत्तम ठाऊक असते.

छताच्या आतून, बोल्टांच्या खाली, आधाराची पट्टी हवी. नुसत्या लहान वॉशरवर आठशे किलो टांगणे म्हणजे छिद्राला निमंत्रण. पाच-सहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची किंवा काचतंतूच्या घट्ट पत्र्याची लांब पट्टी सगळ्या बोल्टांना एकत्र बांधते आणि भार पसरवते. केबिनच्या आतल्या बाजूला शोभेचे अस्तर असेल तर ते कापावे लागते. पुष्कळ जण इथे हात आखडता घेतात आणि अस्तरावरूनच नट आवळतात. अस्तर आणि छत यांच्यात पोकळी असेल तर असे आवळलेले नट काहीही धरत नाहीत.

छत बहुधा सपाट नसते. मधे किंचित उंच, कडांना उतरते. सरळ पट्टी बोल्ट आवळून त्या गोलाईवर बळेच बसवली तर ती वाकते आणि गाड्यातल्या गोळ्या अडखळतात. कडांखाली पाचरीसारखे ठोकळे द्यावेत किंवा दोन टोकांवर उभी राहणारी, मधे अधांतरी असलेली जाड पट्टी घ्यावी. नव्या महागड्या गाड्याची पहिली तक्रार, 'मधे चालतो, कडेला अडतो,' ही बहुतेक वेळा गाड्याची नसून या पाचरीची असते. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचे बोल्ट घालताना त्यांच्यामधे संरक्षक लेप लावावा. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत बदलत जाते. पट्टीखाली ब्यूटाइलची चिकट फीत वापरावी आणि नट एकदम न आवळता दोन-तीन दिवसांत थोडे थोडे आवळावेत.

गाडा पट्टीवर चढवताना एक साधी खबरदारी. काही गाड्यांतील गोळ्या मोकळ्या असतात. गाडा पट्टीवरून उचलला की त्या मोत्यांच्या तुटलेल्या माळेसारख्या पाण्यात जातात. गाड्यासोबत येणारा प्लॅस्टिकचा तुकडा फेकून देऊ नये, तो त्यासाठीच असतो. आणि गोळ्यांना ग्रीस कधीही लावू नये. ग्रीस धूळ धरते आणि धूळ गोळ्या अडवते. समुद्रावरून परतल्यावर बादलीभर गोडे पाणी, एवढेच त्यांना लागते.

दोरांची मांडणी शेवटी सुकाणूपासून करावी. सुकाणू धरलेला माणूस जागेवरून न उठता, वाऱ्याकडील बाजूस बसून, दोन्ही बाजूंचे दोर ओढू आणि सोडू शकला पाहिजे. आठ मिलिमीटरचा साधा पॉलिएस्टर दोर हाताला बरा. महागड्या ताठ दोराची इथे गरज नाही. दोन दोरांना दोन रंग असावेत. अंधारात, घाईत, चुकीचा दोर सुटला तर काय होते हे एकदा अनुभवलेला माणूस रंगांवर वाद घालत नाही.

नव्या ट्रॅव्हलरबरोबर एक नवा धोकाही येतो, तो सांगितला पाहिजे. जुना गाडा हलतच नव्हता. नवा मोकळा धावतो. वारा मागून असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे फिरवताना गाडा मोकळा राहिला, तर तो पूर्ण वेगाने पट्टीच्या टोकावर आदळतो. टोकाचा अडसर तुटू शकतो, आणि ट्रॅव्हलर बसण्याच्या जागेत असेल तर वाटेत आलेली बोटे चिरडली जाऊ शकतात. म्हणून फिरवण्याआधी गाडा मध्यावर आणून दोन्ही दोर क्लीटमध्ये अडकवावेत, आणि नौकेवरच्या मुलांना पट्टीवर हात न ठेवण्याची सवय लावावी.

मांडवीच्या मुखाशी भेटलेल्या त्या नौकेवर पुढे नवा गाडा बसला. त्याआधी छतातून अकरा बोल्ट निघाले. त्यातले चार हाताने पिळताच तुटले, आणि आतले लाकूड चहाच्या चोथ्यासारखे बाहेर आले. गाडा मागवून महिना झाला होता, पण छताच्या दुरुस्तीला दोन महिने लागले. मालकांना त्या हंगामातली अर्धी सफर सोडावी लागली. खीळ त्या दुपारी उचलली गेली असती, तर कुजलेल्या छताचा शोध कदाचित आणखी काही वर्षे लागला नसता.